फिरके ड्रायव्हरचा बदाम

"आला रे, बदाम आला," सुभान तडवी म्हणाला. डिगंबर फिरकेनं दंडावरचा पट्टा सोडवत माझ्याकडं असं काही पाहिलं की मी मुकाट्यानं चपला पायात सरकवल्या आणि चहा सांगायला टपरीकडं निघालो.

या गोष्टीला आता चौदा वर्षं होत आली. भुसावळला आमच्या रेल्वे कॉलनीच्या मागं पाण्याची टाकी आहे, तिच्याजवळ एक जुना कडुनिंब आहे आणि त्याच्याखाली सिमेंटचे दोन बाक आहेत. तो आमचा कट्टा. कट्ट्यावर आम्ही तिघं, सगळे रेल्वेतून रिटायर झालेले. फिरके मेल-एक्स्प्रेसचा ड्रायव्हर, तडवी लोकोशेडमधला फिटर, आणि मी वसंत अत्तरदे, गार्ड. गार्ड म्हणजे गाडीच्या पार शेवटच्या डब्यात हिरवं आणि लाल निशाण घेऊन बसलेला प्राणी. फिरकेनं आणि मी मिळून कितीतरी गाड्या इटारसीपर्यंत नेल्या असतील, पण तो इंजिनात आणि मी शेपटाला. मी त्याची शिट्टी ओळखायचो, तो माझं निशाण ओळखायचा, आणि तोंडं बघायची ती रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्युटीवाल्यांच्या विश्रामघरात, वरण-भात खाताना.

फिरके चारचौघांत सांगायचा की गाडी मी चालवतो, अत्तरदे फक्त ती कुठं संपते ते लोकांना कळावं म्हणून मागं बसतो. मी म्हणायचो, बाबा रे, नियमाप्रमाणं गाडीचा कारभारी गार्ड असतो. गार्डानं हिरवं दाखवल्याशिवाय तुला चाक हलवता येत नाही. आणि गार्डानं आपल्या डब्यातला दांडा ओढून व्हॅक्यूम पाडलं, म्हणजे ब्रेक लावला, की तू कितीही मोठा ड्रायव्हर असलास तरी गाडी जागच्या जागी उभी. मग त्याच्याकडून पुन्हा हिरवं मिळेपर्यंत बस शिट्ट्या मारत. यावर फिरके पोट हलवून हसायचा. त्याचं पोट हलायला तसं वाव देणारं होतं.

तर ते मशीन. फिरकेच्या पुण्याच्या मुलानं बापाला ब्लडप्रेशर मोजायचं मशीन पाठवलं होतं, पट्टा दंडाला गुंडाळायचा आणि बटण दाबायचं. घरी इंदूवहिनी, म्हणजे फिरकेची बायको, उठल्यासुटल्या मोज मोज करायच्या म्हणून यानं ते उचलून कट्ट्यावर आणलं. रोज सकाळी पत्ते वाटायच्या आधी आम्ही तिघंही पट्टा लावायचो. वरचा आकडा, खालचा आकडा, एवढं आम्हाला कळत होतं. पण फिरकेच्या खेपेला आकड्यांच्या शेजारी, कोपऱ्यात, एक बदाम उमटायचा. पत्त्यावर असतो तसाच बदाम, फक्त त्याच्यामधून एक वाकडीतिकडी रेघ गेलेली. माझ्या आणि तडवीच्या वेळी कोपरा कोरा.

आता आम्ही वर्षानुवर्षं बदाम सात खेळणारी माणसं. त्या खेळात ज्याच्या हातात बदामाची सत्ती तो डाव उघडतो, बाकीच्यांनी वाट बघायची. आम्हाला बदाम दिसला म्हणजे शुभच असणार, दुसरं काय. त्यातून तडवीनं जन्मभर यंत्रं उघडून बसवलेली, त्याचा शब्द आम्ही यंत्रांच्या बाबतीत शेवटचा मानायचो. त्यानं मशीन उलटंपालटं करून निकाल दिला की हे परदेशी मशीन आहे, तिकडची माणसं फार अदबीची. तब्येत उत्तम निघाली की कोपऱ्यात शाबासकी उमटते. बदामातली ती रेघ म्हणजे तोरण.

फिरके त्या दिवशी जो फुलला तो फुललाच. कट्ट्याचा कायदाच झाला की ज्याला बदाम आला त्यानं बसून राहायचं आणि बाकीच्यांनी चहा आणायचा. रोज सकाळी फिरके दंड पुढं करणार, मशीन बदाम देणार आणि मी टपरीकडं जाणार. दिवाळीनंतर तर त्यानं बीपीची गोळीही बंद केली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, मशीन स्वतः शाबासकी देतंय, मग गोळी घेऊन त्याचा अपमान का करू? आम्हाला ते पटलंही. तिघांच्या नोकऱ्या मिळून शंभर वर्षांच्या वर इशारे वाचण्यात गेलेल्या, आणि आम्हाला ते पटलं, याचं मला अजून हसू येतं आणि अजून घाम फुटतो.

पुढं एके दिवशी तडवीलाही बदाम आला. मग दोन दिवसांनी पुन्हा आला. दोन बदामवाले राजे बाकावर पाय पसरून बसले आणि तिसरा अत्तरदे चहाचे ग्लास घेऊन आला. मी घरी येऊन दोन-तीन दिवस पालेभाज्याही खाऊन पाहिल्या, पण माझा कोपरा कोराच.

फिरकेला काही होतच नव्हतं असं नाही. स्टेशनचा दादरा, म्हणजे जिन्याचा पूल, चढताना तो मधेच थांबायचा आणि यार्डाकडं बघत उभा राहायचा, जणू कुणाचं शंटिंग चुकतंय ते तपासतोय. पत्ते हातात असताना त्याचा डावा हात अधूनमधून छातीवर जायचा. विचारलं तर गॅस. डाव संपला की तो बाकावर आडवा व्हायचा आणि त्याचं घोरणं सुरू व्हायचं. ते असं की निंबावरचे कावळे जागा बदलायचे. मग एकदम बंद. श्वासही नाही, आवाजही नाही. आम्ही दोघं पत्ते हातात धरून वाट बघायचो. तडवी हळूच म्हणायचा, सिग्नल लागला. आणि थोड्या वेळानं फिरके सगळं अंग हलवत एक मोठी धाप घ्यायचा आणि गाडी पुन्हा चालू. आम्हाला याची फार मजा वाटायची.

पौषात आमच्याकडं भरताचे दिवस. शेतात जायचं, भरताची मोठी हिरवी वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची आणि बडगीत घालून मुसळीनं ठेचायची. बडगी म्हणजे होडीसारखं कोरलेलं लाकडाचं भांडं. मिक्सरमध्ये केलेल्या भरताला आमच्याकडं कुणी भरीत म्हणत नाही. त्या वर्षी फिरकेच्या चुलतभावाच्या शेतात बेत ठरला, तापीच्या पलीकडं यावल रस्त्याला. माझी बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, त्यामुळं मी एकटाच. फिरके आणि इंदूवहिनी होते. आणि तडवीबरोबर त्याची मुलगी आली होती, रुबिना. ती जळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती आणि तिथंही नेमकी हृदयाच्या पेशंटांच्या वॉर्डात. दोन दिवसांच्या सुट्टीवर आली होती बिचारी.

भरीत ठेचण्याचा मान फिरकेचा. त्याच्या हातची ठेच बसली की वांग्याचं लोणी होतं असं आम्ही म्हणायचो, आणि तो दुसऱ्या कुणाला मुसळीला हात लावू द्यायचा नाही. वांगी सोलून होईपर्यंत त्यानं पिशवीतून मशीन काढलं. मला वाटतं त्यानं ते मुद्दामच आणलं होतं. दवाखान्यातल्या माणसाकडून कौतुक करून घ्यायचं होतं त्याला. खाटेवर ऐटीत बसून त्यानं पट्टा लावला, बटण दाबलं, आणि बदाम उमटल्याबरोबर मशीन रुबिनासमोर धरलं.

"बघ पोरी. तुझा काका अजून तरणा आहे," तो म्हणाला.

रुबिना मिरच्या खुडत होती. तिनं हात पुसले, मशीन घेतलं आणि बघतच राहिली.

"काका, हे चिन्ह किती दिवसांपासून येतंय?"

फिरके म्हणाला, रोजच येतं, दिवाळीच्या आधीपासून. तुझ्या बापालाही येतं कधीकधी, पण माझ्याइतकं नाही. हे त्यानं इतक्या मोठेपणानं सांगितलं की मला आजही तो आवाज ऐकू येतो. रुबिनानं एकदा फिरकेकडं पाहिलं, एकदा बापाकडं, आणि तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली की ही शाबासकी नाही. हृदयाचे ठोके वेळेवर पडत नसले, एक लवकर, एक उशिरा, असे कसेही पडत असले, की मशीन हे चिन्ह दाखवून सावध करतं.

जाळावरचं एक वांगं फुटून रस निखाऱ्यात पडला तेवढाच आवाज झाला.

"अब्बा, तुम्हालाही येतं हे? आणि मला सांगितलं नाही?" रुबिना बापाकडं वळली.

तडवीनं टोपी काढली, पुन्हा घातली. मग खाली मान घालून म्हणाला, की माझं सोड, माझा बदाम खरा नाही. मशीन चालू असताना कोपर जरा हलवलं की बदाम येतो हे त्याला एकदा माशी उडवताना कळलं होतं. चहा आणायचा कंटाळा, दुसरं काही नाही. रुबिनानं कपाळावर हात मारला आणि मग तिला हसूच आवरेना. मी मात्र हसलो नाही. पालेभाजी खाल्लेला मी होतो.

आणि इथंच फिरकेनं डाव टाकला. तो म्हणाला, "मग माझंही तेच. मीही कोपर हलवायचो."

तडवीनं चटकन मान वर केली. मीही केली. डिगंबर फिरके हा माणूस पत्त्यात चुकून एखादं पान जास्त आलं तर स्वतः हात वर करून सांगणारा, जिंकत आलेला डाव तिथंच मोडणारा. लबाडी त्याला येतच नव्हती. आताही आली नाही. बोलताना तो आमच्याकडं न बघता बडगीकडं बघत होता.

रुबिनानं जाऊन त्याचं मनगट धरलं आणि नाडीवर बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. मग म्हणाली, "काका, तुमचं कोपर आता कुठं हलतंय? आणि तरी नाडी सरळ नाही." तिनं सांगितलं की आज, आत्ता, दवाखान्यात जायला हवं. फिरकेनं हात सोडवून घेतला. म्हणाला, आधी भरीत. मग संक्रांत होऊ दे. मग बघू. आणि खाटेवरून उठून बडगीपाशी बसला, मुसळी हातात घेतली आणि ठेचायला लागला.

इंदूवहिनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या तळत होत्या. त्यांनी कढई खाली उतरवली आणि नुसत्या उभ्या राहिल्या. रुबिना मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "अत्तरदे काका, असं हृदय चालत असलं की आत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की हात, पाय, वाचा, काहीही जातं. कदाचित वर्षभर काही होणार नाही, कदाचित आज संध्याकाळी होईल. तुम्ही बोला ना, ते कुणाचं ऐकतात?"

मी म्हणालो, कुणाचंच नाही. तो घरात बायकोचं ऐकत नाही, पुण्याच्या मुलाचं तर नाहीच. मी फिरकेकडं बघत होतो. मुसळी वर जायची, खाली यायची, चार ठोक्यांनंतर हात थांबायचा, कानशिलावरून घाम ओघळायचा आणि तो पुन्हा सुरू करायचा. हा माणूस उद्या बाकावर नसेल, किंवा असेल आणि त्याला माझं नाव घेता येणार नाही, असं मला वाटलं.

मी जाऊन त्याच्या समोर उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. तोंडातून जे आलं ते आलं.

"फिरके, मी व्हॅक्यूम पाडलंय."

मुसळी वरच्या वर राहिली. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. चेष्टा असती तर तो हसला असता, पण माझ्या तोंडावर चेष्टा नव्हती हे त्याला दिसलं असणार.

"कारण?" त्यानं विचारलं. मधेच गाडी थांबली की ड्रायव्हर गार्डाला हेच विचारतो.

"कारण डॉक्टर सांगतील. मी हिरवं दाखवत नाही तोवर गाडी हलायची नाही."

"आणि हलवली तर?"

"सगळ्या नोकरीत एकदा तरी हलवलीस का?"

त्यानं हळूच मुसळी बडगीत आडवी ठेवली, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि मला हात दिला. मी त्याला उठवलं. हात थंडगार होता आणि मोठा जड.

गाडी म्हणाल तर तिथं एकच होती, चुलतभावाची केळीची पिकअप. घड उतरवले, मागं केळीची पानं अंथरली आणि त्यावर मी, तडवी आणि रुबिना बसलो. पुढं चुलतभावाशेजारी फिरके आणि वहिनी. जळगाव येईपर्यंत फिरके त्या बिचाऱ्याला कुठं गिअर बदलायचा, कुठं ब्रेक आधी लावायला हवा होता, हेच शिकवत होता. तेवढ्यानंच आम्हाला मागं धीर येत होता. आवाज येतोय तोवर ठीक आहे असं रुबिनाही म्हणाली.

रुबिनाच्या ओळखीनं लगेच नंबर लागला. छातीला वायरी लावून कागदावर ठोक्यांचा आलेख काढला, आणि तो घेऊन सुरवाडे नावाच्या डॉक्टरीणबाई आल्या. चष्मा डोक्यावर चढवून त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. आम्ही सगळे खोलीतच होतो, कुणी बाहेर जा म्हटलं नाही आणि आम्ही गेलो नाही.

बीपीचा त्रास? फिरके म्हणाला, नाही. वहिनी म्हणाल्या, पुष्कळ वर्षांचा आहे, गोळी दिवाळीपासून बंद. साखर? नाही. वहिनी म्हणाल्या, आहे, आणि कपाटात मुंगळे लागतात तेवढे पेढे पण आहेत. तंबाखू? ती सोडली. वहिनींनी त्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घालून चुन्याची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. दारू? फक्त सणासुदीला. वहिनी म्हणाल्या, आमच्या घरी दर शनिवारी सण असतो. घोरता का? फिरके म्हणाला, छे. यावर वहिनींना बोलायची गरजच पडली नाही, मी आणि तडवी एकदमच हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं की घोरताना मधेच श्वास थांबतो का. तडवी म्हणाला, हो, आम्ही त्याला सिग्नल लागला म्हणतो. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आमच्याकडं असं पाहिलं की मला भिंतीत शिरावंसं वाटलं.

त्या म्हणाल्या, बीपी, साखर, वजन, दारू, तंबाखू, झोपेत श्वास अडकणं, यातलं एकेक हृदयावर ओझं टाकतं, आणि यांनी तर सगळं एकदम लादलंय. त्यातून तीस-पस्तीस वर्षं ड्युटीच्या तुकड्यातुकड्यांनी घेतलेली झोप. थायरॉइडही तपासू म्हणाल्या, त्यानंही असं होतं. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "घरात कुणाला लकवा झाला होता?"

वहिनींनी तोंड उघडलं आणि मिटलं. सगळ्याला नाही म्हणणारा फिरके या वेळी स्वतःच बोलला.

"बापाला. मग थोरल्या भावाला."

त्याला एवढं सांगून थांबायचं असावं, पण थांबता येईना. तो वहिनींकडं न बघता बोलत राहिला.

"बाप माझ्याएवढाच होता तेव्हा. हिचं नुकतंच लग्न झालेलं, अठराची असेल. सहा वर्षं तो खाटेवर होता आणि सहा वर्षं हिनं त्याला भरवलं. मी ड्युटीवरून यायचो तेव्हा ही त्याच्या तोंडाशी चमचा धरून बसलेली असायची. अर्धं आत, अर्धं बाहेर. पडायच्या आधी बाप म्हणायचा, छातीत पाखरू शिरलंय रे डिगंबर. दोन वर्षं झाली, ते पाखरू माझ्याही छातीत आहे. हिला सांगितलं नाही. कुणालाच नाही." त्यानं एक श्वास घेतला. "मग त्या मशीननं बदाम दिला. मला वाटलं, सुटलो. आपलं तसं नाही. रोज सकाळी बघायचो आणि वाटायचं, आजचाही दिवस सुटलो. आता दवाखान्यात येऊन तो बदाम कोण काढून देईल तुमच्या हाती?"

तडवी खिडकीकडं बघत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मी लपवलं नाही. इतके दिवस आम्ही त्याच्या ऐटीला हसत होतो, आणि ऐट नव्हतीच ती. माणूस रोज सकाळी भीत भीत दंड पुढं करत होता.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांच्या वेळी कुणाला कळलं नाही. तुमचं कळलंय, आणि लकवा अजून आलेला नाही. तो येऊ नये म्हणून आता पुष्कळ करता येतं. पण मी सांगेन ते करावं लागेल."

"करीन," फिरके म्हणाला. नियमावर सही करताना म्हणावं तसं.

त्याला तीन दिवस ठेवून घेतलं. रक्त पातळ ठेवायची गोळी, ठोके आवरायची गोळी, बीपीची पुन्हा सुरू. शनिवारचे सण बंद, तंबाखू बंद. झोपेची तपासणी झाली आणि पुढं रात्री नाकावर लावायचं एक यंत्र आलं, हवा सोडणारं. ते लावून झोपायला लागल्यावर फिरकेनं आम्हाला ऐटीत सांगितलं की व्हॅक्यूमचा जमाना गेला, मी आता एअर ब्रेकवर चालतो. तो आजही आहे. बापाचं आणि भावाचं वय त्यानं केव्हाच मागं टाकलं. तडवीला रुबिनानं मशीनला हात लावायची बंदी केली ती अजून उठलेली नाही.

पण मला सांगायचं आहे ते तो घरी आला त्या दिवसाचं. अर्धवट ठेचलेलं ते भरीत चुलतभावाच्या म्हशीनं खाल्लं होतं, म्हणून मी आणि तडवीनं फिरकेच्या अंगणात पुन्हा बेत केला. फिरके खुर्चीवर बसून हुकूम सोडत होता. तडवी ठेचत होता आणि शिव्या खात होता, की हे लोखंड नाही भो, वांगं आहे, जरा मायेनं. तेल आणि मीठ डॉक्टरीणबाईंच्या मापानं पडलं, त्यावरून फिरकेनं नाक मुरडलं. मग आम्ही तिघं पंगतीला बसलो आणि वहिनी वाढायला आल्या.

दवाखान्यातून आल्यापासून त्या त्याच्याशी धड बोलल्या नव्हत्या. भरताचा गोळा त्याच्या ताटात ठेवून त्या तिथंच त्याच्यासमोर बसल्या.

"सहा वर्षं मामंजींना भरवलं," त्या म्हणाल्या. "एकदा तरी कुरकुर केली का मी?"

फिरके म्हणाला, "नाही."

"तुम्हालाही भरवलं असतं. जन्मभर भरवलं असतं. त्याचं भ्या मला नव्हतं, ते तुम्हाला होतं. पण दोन वर्षं एकट्यानं ते भ्या पोटात घेऊन माझ्याशेजारी जेवत होतात, हे मला चालायचं नाही. पुन्हा असं करू नका."

फिरकेनं मान हलवली.

"आता जेवा," वहिनी म्हणाल्या. "आपल्या हातानं जेवा."

त्यानं पुरीचा तुकडा मोडला, भरताला लावला आणि तोंडात घातला. मग दुसरा. मी आणि तडवी ताटं पुढं करून बसलो होतो, पण वहिनींचं लक्षच नव्हतं. त्या हातात पळी धरून फक्त त्याचा हात बघत होत्या, ताटाकडून तोंडाकडं जाणारा आणि पुन्हा ताटाकडं येणारा. नवऱ्याला जेवताना त्यांनी जन्मात पहिल्यांदाच पाहिलं असावं अशा त्या बघत होत्या. शेवटी तडवी उठला, त्यानं आपलं आपणच वाढून घेतलं आणि मलाही वाढलं.